‘जोडणे’ कुठे कसं वापरायचं आणि त्याचं मूळ आपलं आपण कसं शोधायचं

मी नागपुरात बर्डीवरच्या एका छापखान्यात १८ वर्षांपासून प्रूफं तपासते. लग्नपत्रिका, पत्रकं, शाळांची मासिकं, कधी कुणाचा कवितासंग्रह. मागच्या महिन्यात तीन पोट्टे आले, वस्तीत वाचनालय सुरू करून राहिले होते आणि त्याचं पत्रक छापायचं होतं. मजकूर मोबाइलवर टाइप करून आणला होता. वर मोठ्या अक्षरात ‘आमच्या वाचनालयाशी जुडा’, मधे ‘मुलांना पुस्तकां शी जोडू या’, आणि एकदम खाली ‘फॉर्म ला आधार ची कॉपी जोडून आणणे’. एका पानात तीनदा तोच शब्द. त्यातला एक म्हणाला, ताई, आमच्या सरांनी सांगितलं भाषा बरोबर नाही, पण काय बरोबर नाही ते आम्हाले समजूनच नाही राहिलं. मी पेन उचललं आणि मग खाली ठेवलं, कारण नुसतं सुधारून दिलं असतं तर पुढच्या पत्रकात पुन्हा तेच झालं असतं. त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि अर्धा तास ‘जोडणे’ या एकाच क्रियापदावर बोललो. तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा घोळ त्या तिघांचाच नाही, रोज माझ्या टेबलावर येणाऱ्या दर तिसऱ्या-चौथ्या कागदात असतो, आणि एक क्रियापद असं सोडवून बघितलं की बाकीची क्रियापदंही तशीच सोडवता येतात.

पहिली गोष्ट, लगेच कोश उघडू नका. कोशात अर्थ ओळीनं लावलेले असतात, पण ते वाचून शब्द कळत नाही. आधी दोन दिवस फक्त कान उघडे ठेवा आणि शब्द जिथे भेटेल तिथून पूर्ण वाक्यासकट उचलून मोबाइलमधे टिपून ठेवा. नुसता शब्द नाही, पूर्ण वाक्य. माझ्या एका दिवसात काय काय सापडलं बघा. सकाळी इलेक्ट्रिशियन पंख्याची वायर जोडून गेला (तो स्वतः जॉइंट मारला म्हणतो). बँकेचा मेसेज, आधार खात्याशी जोडा. शेजारच्या काकू कुणाबद्दल तरी सांगत होत्या, तिनं नोकरीत असताना खूप माणसं जोडली. ऑफिसात कुणी म्हणालं, यंदा जोडून सुट्ट्या आल्या. संध्याकाळी भाजीबाजारात बाईनं सांबाराची जुडी पुढे केली (सांबार म्हणजे कोथिंबीर, विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, नाहीतर इडलीसोबतचं सांबार डोळ्यापुढे येईल). दारात काढलेले जोडे, नव्या सुनेच्या पायातली जोडवी, शेतीला दुधाच्या धंद्याची जोड, आणि देवापुढे जोडलेले हात. एका दिवसात इतकं. यातलं एकही वाक्य कोशातून आलेलं नाही आणि सगळी मिळून कोशाला भारी आहेत.

आता ही वाक्यं समोर ठेवा आणि क्रियापदाकडे बघूच नका. त्याच्या शेजारी काय बसलंय ते बघा. ‘ला’ आहे, ‘शी’ आहे, की दोन्ही नाहीत. सगळी गंमत तिथे आहे आणि शाळेत आपल्याला हे कुणी असं दाखवत नाही.

‘ला’ आला की ज्याला ‘ला’ लागलाय ते आधीपासून जागेवर असतं आणि दुसरं येऊन त्याला लागतं. ‘गाडीला इंजिन जोडलं’ म्हटलं की गाडी फलाटावर उभी आहे, इंजिन येऊन लागलं. ‘इंजिनाला डबे जोडले’ म्हटलं की इंजिन उभं आहे, डबे मागून आले. वस्तू त्याच, पण चित्र उलटं. ‘अर्जाला प्रमाणपत्र जोडा’ म्हणजे अर्ज मुख्य, प्रमाणपत्र त्याच्या पाठीशी टाचलेलं हवं. माझ्या भाच्याचा अर्ज एका कार्यालयातून परत आला होता, कारण सूचनेत ‘अर्जास जोडावे’ होतं आणि यानं प्रमाणपत्र वेगळ्या पाकिटात दिलं. त्या पाकिटाला कुणी हात लावला नाही. पोरगा पुन्हा दोन दिवस खेटे घालत बसला. ‘अर्जासोबत द्या’ म्हटलं असतं तर पाकीट चाललं असतं, ‘अर्जाला जोडा’ म्हटल्यावर नाही चालत, त्यामुळे फॉर्म भरताना हा एक अक्षराचा प्रत्यय नीट वाचत जा.

‘शी’ आला की लहानमोठं राहत नाही, नातं येतं. खातं आधारशी जोडलं म्हणजे एकाला हात लावला की दुसऱ्याची माहिती हलते. गाव शहराशी जोडलं म्हणजे ये-जा सुरू झाली. आणि दोघंही अगदी बरोबरीचे असतील तर प्रत्ययसुद्धा लागत नाही, ‘आणि’ पुरतं. ‘नागपूर आणि मुंबई जोडणारा समृद्धी महामार्ग’. हा रस्ता ७०१ किलोमीटरचा आहे, दोन टोकांना दोन शहरं, कुणी कुणाला मागून लागलेलं नाही. म्हणून मला ही रचना ‘नागपूरला मुंबईशी जोडणारा’ यापेक्षा जास्त आवडते. चूक दोन्हीत नाही, पण दुसऱ्या वाक्यात नागपूर उचलून नेऊन कुठेतरी टेकवल्यासारखं वाटतं.

आणि हे नुसतं वाटण्यापुरतं नाही. आपल्या भागाचा इतिहास याच प्रत्ययांवर उभा आहे म्हटलं तरी चालेल. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. त्याच्या आधी, २८ सप्टेंबर १९५३ ला, नागपूर करार झाला होता, म्हणजे मराठी मुलूख एका राज्यात आणायचा नेत्यांमधला समझोता. आता हीच घटना तीन प्रकारे लिहून बघा. ‘विदर्भ मुंबई राज्याला जोडला’. ‘विदर्भ मुंबई राज्यात सामील झाला’. ‘मराठी मुलूख एकमेकांशी जोडले गेले’. पहिल्यात विदर्भाला कुणी विचारलं नाही असं दिसतं, दुसऱ्यात तो आपल्या पायानं चालत गेला, तिसऱ्यात सगळे बरोबरीनं एकत्र आले. या विषयावरचा कुठलाही लेख हातात घ्या, लिहिणारा कुठल्या बाजूचा आहे ते त्यानं यातलं कुठलं वाक्य निवडलं त्यावरून कळतं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या लेखांमधे मी हे वाक्य कधीच बदलत नाही, कारण ती प्रूफाची चूक नाही, ते त्या माणसाचं मत आहे.

आता तिसरा प्रकार, ज्यात ‘ला’ पण नाही आणि ‘शी’ पण नाही. ‘तिनं माणसं जोडली’. कशाला जोडली? कशाशी जोडली? काहीच नाही. नुसती जोडली. इथे बरेच जण म्हणतात की स्वतःशी जोडली असं गृहीत आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ‘पैसा जोडला’, ‘पुण्य जोडलं’, ‘पै पै जोडून घर बांधलं’ ही वाक्यं शेजारी ठेवा, मग लक्षात येतं की इथे जोडणे म्हणजे चिकटवणं नाहीच. इथे जोडणे म्हणजे कमावणे. मिळवून गाठीला बांधणे. हा आपल्या भाषेतला जुना आणि फार सुंदर अर्थ आहे आणि आज तो फक्त माणसं, मित्र, पुण्य, पैसा अशा थोड्या शब्दांसोबत शिल्लक राहिलाय.

किती जुना, ते तुकोबांकडे सापडतं. ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें, उदास विचारें वेच करी’. धन जोडायचं म्हणजे कमवायचं, चांगल्या मार्गानं, आणि वेच करायचा म्हणजे खर्च करायचा. जोडणे आणि वेचणे इथे समोरासमोर उभे आहेत, कमाई आणि खर्च, त्यामुळे अर्थाबद्दल शंका राहत नाही. पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्या ओळीनं, जी मी लहानपणापासून म्हणत आले. ‘गुण गाईन आवडी, हेचि माझी सर्व जोडी’. ‘हेचि दान देगा देवा’ मधली. माझी आजी रोज संध्याकाळी दिवा लावून म्हणायची आणि मी शेजारी बसून म्हणायची, आणि मला वाटायचं जोडी म्हणजे सोबत, देवाची आणि भक्ताची जोडी. कित्येक वर्षं मी तेच समजून म्हणत होते. मग एकदा पुढची ओळ नीट ऐकली, ‘न लगे मुक्ति धन संपदा’. म्हणजे बोलणं धनाचंच चाललंय. जोडी म्हणजे इथे कमाई, आयुष्यभराची पुंजी. तुझे गुण आवडीनं गाईन, हीच माझी सगळी कमाई, मला मुक्ती नको की संपत्ती नको. एका शब्दाचा जुना अर्थ कळला आणि हजारदा म्हटलेली ओळ पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखी झाली. आजी आता नाही, नाहीतर तिला विचारलं असतं की तुला हे माहीत होतं का. मला वाटतं तिला होतं, कारण शेजारीपाजारी कुणाच्या घरी काही लागलं तर ती स्वतःच्या घरचं उचलून द्यायची आणि म्हणायची, असू दे माय, तेवढंच जोडलं.

म्हणून शब्दाचा अर्थ लावताना हे काम न चुकता करा, जुन्या ओळीत तो शब्द शोधा आणि त्याच्या पुढची-मागची ओळ वाचा. एकटा शब्द फसवतो, शेजारची ओळ फसवत नाही.

बाकीचे वापर पटापट सांगते. ‘हात जोडणे’ मधे कशाला कशाशी हा प्रश्न येत नाही, नमस्कार किंवा विनवणी. ‘तुमच्यापुढे हात जोडतो बाप्पा, आता जा’ यात कंटाळा पण आहे. ‘जोडून’ हे क्रियाविशेषणासारखं चालतं, जोडून सुट्टी, जोडून घर, म्हणजे मधे फट नाही. ‘जोड’ म्हणजे पूरक गोष्ट, म्हणूनच जोडधंदा. ‘बिनजोड’ म्हणजे ज्याच्या बरोबरीचा दुसरा मिळत नाही असा. आपल्याकडे शंकरपटात बैलांची जोडी धावते तेव्हा लोक जोडी हा शब्द ज्या कौतुकानं म्हणतात ते कोशात उतरत नाही.

आता कुठे ‘जोडणे’ नको ते. यातच सगळ्यात जास्त चुका होतात आणि नागपुरात तर जास्तच, कारण आपल्या एका कानात मराठी आणि एका कानात हिंदी असते. हिंदीत जोडना म्हणजे बेरीज करणं पण होतं, म्हणून पोरं ‘पाच आणि सात जोड’ म्हणतात. मराठीत पाच आणि सातची बेरीज करतात, किंवा पाचात सात मिळवतात. नोकरीला कुणी जोडलं जात नाही आणि ‘जॉइन झालो’ म्हणायची पण गरज नाही, ‘रुजू झालो’ हा इतका नेमका शब्द आपल्याकडे आहे, मूळ अरबी आहे पण मराठीत पूर्ण मुरलेला. मोर्चात सामील होतात, पक्षात प्रवेश करतात, शाळेत नाव घालतात, संस्थेचे सभासद होतात. या सगळ्यांसाठी इंग्रजीत एकच जॉइन आहे, आपल्याकडे प्रत्येकाला वेगळा शब्द आहे, आणि मोबाइलवरची भाषा हे सगळे शब्द पुसून तिथे एकटं ‘जुडा’ ठेवून राहिली आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं. ‘आमच्याशी जोडलेले राहा’ हे पण असंच भाषांतरातून आलेलं. माणूस माणसाला सांगेल तेव्हा ‘येत जा’ म्हणेल, ‘संपर्कात राहा’ म्हणेल, ‘विसरू नका’ म्हणेल.

‘जुडणे’ बद्दल थोडं थांबून सांगते. घरी बोलताना आपण म्हणतोच, ‘तो आमच्या ग्रुपशी जुडला’. बोलण्यात मी कुणाला कधीच अडवत नाही, बोली ही बोली आहे. पण सगळ्या महाराष्ट्रात जाणारा मजकूर असेल तर तिथे ‘जोडला गेला’ किंवा ‘जुळला’ घ्या. जोडणे आणि जुळणे यातला फरक पण मजेदार आहे. जोडताना कुणीतरी हात लावतो, जुळताना आपोआप बसतं. पाइप जोडतात, पत्रिका जुळते. लग्न कुणी ‘जोडलं’ म्हटलं तर जबरदस्तीचा वास येतो, लग्न जुळतं, जमतं, आणि मधे पडणारा माणूस ते जुळवतो. सूर जुळतात, मनं जुळतात, हिशेब जुळतो. मोडलेलं हाड डॉक्टर जोडतात आणि मग महिन्या-दीड महिन्यात ते जुळून येतं. एकाच हाडाला दोन्ही शब्द लागले, आधी माणसाचं काम, मग शरीराचं.

अजून एक, हाताशी असलेला नेमका शब्द सोडून सगळीकडे जोडणे वापरू नका. फॉर्मवर फोटो डकवतात, कागद टाचतात, कापड शिवतात, तुटलेलं सांधतात, अंगठीत खडा जडवतात, बैल गाडीला जुंपतात. परीक्षेत पुरवणी मात्र जोडतातच, दोऱ्यानं, आणि तिथे दुसरा शब्द बसत नाही.

आता लिहिण्यातलं जोडणं, ज्यासाठी ती पोरं मुळात अडली होती. ‘पुस्तकां शी’, ‘फॉर्म ला’, ‘आधार ची’. हे मोबाइलमुळे होतं. आपण शब्दाचं पहिलं अक्षर टाइप करतो, कीबोर्ड पूर्ण शब्द सुचवतो, त्यावर बोट ठेवलं की शब्दामागे जागा सोडून दिली जाते आणि मग आपण ‘ला’ टाइप करतो. तो लांब पडतो. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटूनच लिहायचा, नागपूरला, फॉर्मला, आधारची. ‘समोर, जवळ, साठी, बद्दल, सोबत’ हे पण चिकटूनच, घरासमोर, शाळेजवळ, मुलांसाठी. या शब्दांना व्याकरणात शब्दयोगी म्हणतात, म्हणजे नावातच सांगितलंय की हे शब्दाला जोडलेले असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. मधली जागा ठेवून पहिला तुकडा एकटा वाचा. ‘घरा’ एकटं उभं राहतं का? ‘पुस्तकां’ राहतं का? ‘शाळे’ राहतं का? नाही राहत. त्याला पुढचा तुकडा हवाच आहे, म्हणूनच त्यानं आपलं रूप बदललंय. नागपूरचं तर बघा, ‘त’ येऊन लागला की पू चा पु होतो, नागपुरात. शब्द आतून बदलून दुसऱ्याला जागा करून देतो, आणि आपण मधे मोकळी जागा सोडतो. कीबोर्डवर एक बॅकस्पेस जास्त मारायचा, एवढंच काम आहे.

आता मूळ कसं शोधायचं. हा भाग मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा लांबेल.

साधनं आधी सांगते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८३१ चा, त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्ति कोश पण आहे, तो हातात घेऊन चाळायचा. जुन्या कोशात शोधताना ‘जोडणे’ टाकलं तर कधीकधी काहीच निघत नाही, कारण तेव्हा शेवटी अनुस्वार द्यायचे, ‘जोडणें’ टाकून बघा. या एका टिंबापायी मी सुरुवातीला कितीतरी शब्द कोशात नाहीतच असं समजून सोडून दिले होते.

पण कोशाच्या आधी डोकं. जोडणे कुठून आलं विचारलं की दहातले नऊ जण सांगतात, युज् धातूपासून, योग वगैरे. ऐकायला बरोबर वाटतं. अर्थ तोच, सुरुवात पण जुळते, कारण संस्कृतातला सुरुवातीचा य प्राकृतात ज होतो. यात्राची जत्रा झाली, योगीचा जोगी, यंत्राचं जातं, यज्ञोपवीताचं जानवं. इथवर ठीक. पण मग युज् मधल्या ज चं काय? दोन स्वरांमधला ज प्राकृतात गळून जातो, राजाचा राय होतो तसा. त्या ज चा ड कधीच होत नाही. ‘ड’ कुठून येतो ते बघायचं असेल तर ओळखीचे शब्द घ्या. घोटकचा घोडा, वटाचा वड, कटुचं कडू, कीटकाचा किडा. म्हणजे मराठीतल्या अशा ड च्या मागे संस्कृतात ट असतो. आणि मूळ शब्दातच ड असेल तर मराठीत त्याचा ळ होतो, गुडाचा गूळ, तडागाचं तळं, षोडशचे सोळा.

म्हणजे आपल्याला य नं सुरू होणारा, ट असलेला आणि बांधणे-जोडणे असा अर्थ असलेला धातू हवा. आणि संस्कृतच्या धातुपाठात, म्हणजे धातूंच्या जुन्या यादीत, तो आहे, ‘यौटृ बन्धे’, यौट् म्हणजे बांधणे. य चा ज, औ चा ओ, ट चा ड. यौट, जोड. ध्वनीच्या हिशेबानं कुठेच ओढाताण नाही. तिथेच ‘जुड’ असा पण एक धातू बांधण्याच्या अर्थानं दिलाय, आणि त्याचा ड ळ होऊन ‘जुळणे’ मधे बसतो. म्हणजे जोडणे आणि जुळणे हे अर्थानं इतके जवळ असूनही आवाजानं थोडे वेगळ्या वाटांनी आलेत.

अजून एक पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. आपोआप होतं त्यात उ आणि ट, कुणीतरी करतं त्यात ओ आणि ड. या रांगेत जोडणे उभं करा. त्याचा जोडीदार ‘जुटणे’ असायला हवा. मराठीत ते क्रियापद आज चालत नाही, पण हिंदीत जुटना आहे, लोक जुटते हैं. एक क्रियापद जोडायचं आणि एक तोडायचं, आणि दोघंही एकाच साच्यात बसतात. हे त्या पोरांना कागदावर लिहून दाखवलं तेव्हा त्यातला सगळ्यात लहान एकदम म्हणाला, मग जुडी? हो, मेथीची, सांबाराची जुडी पण त्याच घरातली, काड्या एकत्र बांधलेल्या.

मग युज् कुठे गेला? तो पण आपल्याकडे आहे, दुसऱ्या दारानं आलेला. त्याच्या ‘युग’ या रूपाचं मराठीत ‘जू’ झालं, बैलाच्या मानेवरचं. योग, योजना, युक्ती, योग्य हे तसेच संस्कृतातून उचलले, आणि योग्यचं घरगुती रूप ‘जोगा’, खाण्याजोगा, बघण्याजोगा. म्हणजे योग्य या शब्दाच्या तळाशी जुवाला लावता येईल असा, हा अर्थ आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदशेकणी असते, वर्षभर जिथे जू टेकलेलं असतं तो बैलाचा खांदा तूप-हळद लावून शेकतात. मी लहान असताना मामांच्या वाडीत हे जवळून बघितलंय, तिथली कातडी जाड आणि केस उडालेली असायची, मामा तळहातानं हळूहळू चोळायचे आणि बैल मान खाली करून उभा राहायचा. युग या शब्दाबद्दल कुठेही वाचलं की मला तो खांदा आठवतो. दुसऱ्या दिवशी पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरांचे लाकडी बैल.

आणि आता ते इंग्रजी जॉइन. ते लॅटिनच्या युंगेरे या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आलंय. ते युंगेरे, इंग्रजीतलं बैलाचं योक आणि संस्कृतचं युज् ही एकाच आदिम धातूची लेकरं आहेत. त्याच लॅटिन शब्दापासून जंक्शन. म्हणजे नागपूर जंक्शनमधलं जंक्शन आणि मामांच्या बैलाच्या खांद्यावरचं जू हे चुलत नात्यातले आहेत. हे समजल्यावर पोरं खरोखर गप्प झाली होती. मूळ शोधताना एवढं मात्र सांभाळा, अर्थ सारखा आणि पहिलं अक्षर सारखं म्हणून नातं लावू नका. प्रत्येक अक्षराचा हिशेब लागला पाहिजे, आणि तसाच बदल झालेले निदान दोन-तीन दुसरे शब्द दाखवता आले पाहिजेत. नाही दाखवता आले तर ती व्युत्पत्ती कागदावर उतरवू नका.

पत्रकाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. चहा संपल्यावर त्यांनीच पुन्हा लिहायला घेतलं. खालची ओळ सोपी होती, ‘फॉर्मला आधारची कॉपी जोडा’, एवढीच. मधल्या ओळीवर बराच वाद झाला, शेवटी ‘मुलांच्या हाती पुस्तक द्या’ झालं, शी नाही आणि जोडणे पण नाही. वरच्या मोठ्या ओळीसाठी एकानं लिहिलं, ‘सभासद व्हा, पुस्तकं न्या, माणसं जोडा’. दुसरा म्हणाला, माणसं कशाशी जोडा, ते तर लिहिलंच नाही तू. तो म्हणाला, ताईंनी आत्ता सांगितलं ना बे, ला नाही शी नाही, म्हणजे कमवा. मी त्या ओळीला हात लावला नाही. ५०० प्रती काढल्या, पिवळ्या कागदावर.